दाढेला कार्ड चालत नाही



या पानावर आम्ही दर अंकात निकाल, शिस्त, वाचन असे विषय घेत असतो. या वेळी विषय दातांचा आहे. काहींना हसू येईल. जरूर हसावे. हसताना दात दिसतात आणि आम्हाला तेच पाहायचे आहेत. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लिहिण्यात काही उणे-अधिक राहिले तर नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे, ही विनंती.

गेल्या सहामाही परीक्षेत सहावीची एक मुलगी गणिताच्या पेपरला गालावर रुमाल दाबून बसली होती. अर्ध्या तासाने तिने पेन खाली ठेवले. गाल सुजलेला, अंगात ताप. वर्गशिक्षिका तिला आमच्या खोलीत घेऊन आल्या. आम्ही तिच्या वडिलांना फोन केला. ते लोडिंग ऑटो चालवतात. तासाभरात आले आणि येताना घरून आयुष्मान कार्ड घेऊन आले, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले. "सर, चिंता मत कीजिए, कार्ड है," असे म्हणून त्यांनी आम्हालाच धीर दिला.

तीन दिवसांनी मुलगी शाळेत आली तेव्हा खालची एक दाढ गेलेली होती. आम्ही वडिलांना विचारले. एका रुग्णालयात त्यांना सांगण्यात आले की, या कामाला कार्ड चालत नाही. मग ते खासगी दवाखान्यात गेले. तिथे दाढ वाचवायची, म्हणजे रूट कॅनाल करून वर कॅप बसवायची, तर खर्च काही हजारांत होता. दाढ काढायची तर काही शेकड्यांत. त्यांनी काढून घेतली. "दाँत ही तो है, सर," असे ते म्हणाले, पण बोलताना त्यांची नजर खाली होती. त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत आणि मुलीची ओळख पटेल असा तपशील यात ठेवलेला नाही.

आम्हालाही त्या दिवसापर्यंत वाटत होते की, कार्ड आहे म्हणजे दाताचेही होत असेल. त्यानंतर आम्ही माहिती काढली, डॉक्टरांशी बोललो, नियम वाचले. जे समजले ते आपल्यासमोर ठेवतो आणि शेवटी विश्वस्त मंडळापुढे एक मागणीही ठेवतो.

ती दाढ कोणती होती?

मुलांना दुधाचे दात २० असतात आणि पक्के दात ३२. हे सर्वांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि ती येताना दुधाचा कोणताही दात पडत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवते. त्यामुळे घरच्यांना वाटते की, ही दुधाचीच दाढ आहे, किडली तर किडली, पडेल आणि नवी येईल. नवी येत नाही. सहाव्या वर्षी आलेली ही दाढ जन्मभर पुरवायची असते आणि चावण्याचा मोठा भार तिच्यावरच असतो. ती गेली की बाजूचे दात त्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांब येऊ लागतो आणि मूल एकाच बाजूने चावू लागते. त्या मुलीची हीच दाढ गेली. वय अकरा.

कीड लागण्याची रीतही सोपी आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे वरचे कवच विरघळवते. किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे आहे. जेवणासोबत एक लाडू खाणारा मुलगा बरा. दर तासाला एक गोळी चघळणारा जास्त धोक्यात असतो. सुरुवातीला कीड दुखत नाही. दुखू लागते तेव्हा ती आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते आणि त्या दिवशी खर्च शेकड्यांतून हजारांत गेलेला असतो. दाताच्या खर्चाचे सारे गणित या एका वाक्यात आहे.

हे दोन-चार घरांपुरते आहे असे कोणी समजू नये. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर एक पाहणी केली होती. तीत १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांना दातांची कीड आढळली. ३५ ते ४४ वयोगटात हे प्रमाण ८०.२ टक्के होते. म्हणजे मुलांच्या डब्याची काळजी करणारे आपण पालक त्यांच्याही पुढे आहोत.

कार्ड कुठे चालते, कुठे नाही

आयुष्मान भारत - प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असले तरी, यात घेतले आहे. आपल्या समाजातील अनेक आजी-आजोबांनी हे कार्ड काढले आहे. योजना मोठी आहे आणि तिच्यामुळे अनेक घरे कर्जातून वाचली आहेत, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण ही योजना रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. पर्चा बनवून ओपीडीत दाखवायचे, उपचार घ्यायचा आणि घरी यायचे, असे काम तिच्यात बसत नाही. दाताचे जवळजवळ सगळे काम याच प्रकारचे असते. कीड साफ करून भरणे, दात स्वच्छ करणे, रूट कॅनाल, कॅप, कवळी, यांतले काहीच भरती होऊन करायचे नसते. तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रिया मात्र योजनेत आहेत. जबडा मोडला, जबड्यात गाठ झाली, तर कार्ड चालते. तोंडाचा कर्करोग झाला तरी चालते.

पालकहो, याचा अर्थ नीट पाहा. दाढेतला खड्डा भरायला पैसे नाहीत. तीच कीड वाढून जबड्यात पू झाला, मूल भरती करण्याची वेळ आली, तर पैसे आहेत. सुपारी-गुटखा सोडवण्यासाठी आणि तोंडातला पांढरा चट्टा वेळीच दाखवण्यासाठी घरात कार्ड असून उपयोग नाही. चट्ट्याचा कर्करोग झाला की लाखांचा खर्च मंजूर होतो. मराठीत यालाच बैल गेला आणि झोपा केला म्हणतात.

ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड नाही, त्यांचे काय? केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांना आपल्या आरोग्य योजनेतून दातांच्या काही उपचारांची सोय आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयच्या कक्षेत येणाऱ्या कामगारांना ईएसआयच्या दवाखान्यातून दात दाखवता येतात. ज्यांचा पगारातून हप्ता कापला जातो त्यांनी ही चौकशी अवश्य करावी, कारण अनेकांना ही सोय असल्याचेच माहीत नसते. खासगी मेडिक्लेम पॉलिसीत बहुधा भरती झाल्याशिवाय दाताचा खर्च मिळत नाही.

हा शेवटचा धडा आम्ही स्वतःच्या दाढेने शिकलो. आमची एक दाढ दोन वर्षे अधूनमधून ठणकत होती. लवंग दाबत होतो, गरम पाण्याच्या गुळण्या करत होतो, परीक्षा झाल्या की दाखवू असे म्हणत होतो. शाळेत परीक्षा कधी संपतात? शेवटी रूट कॅनाल आणि कॅप मिळून ७,५०० रुपये लागले. पॉलिसीचा फॉर्म भरून बिले जोडली. फॉर्म परत आला, कारण उपचार बाह्यरुग्ण विभागातला. राग आला. पण नंतर विचार केला की, आम्ही ७,५०० भरू शकलो, दाढ राहिली. ऑटो चालवणारे ते गृहस्थ भरू शकले नाहीत, मुलीची दाढ गेली. दुखणे एकच, आणि निकाल ठरला खिशावरून. शाळेच्या प्रमुखाला याची लाज वाटली पाहिजे, आणि वाटली.

इतर देशांत काय आहे

आपल्या अनेक घरांची मुले परदेशात आहेत. सुट्टीत ग्वाल्हेरला आली की आधी आजोळी जेवण आणि मग दातांचा डॉक्टर, असा त्यांचा क्रम असतो. कारण तिथेही दात महाग आहेत. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी १९६५ सालच्या कायद्याने मेडिकेअर सुरू झाली, तीत नेहमीच्या दंतोपचारांना जागा दिली नाही. कॅनडात डॉक्टर व रुग्णालयाचा खर्च सरकार करते, पण दात दीर्घकाळ बाहेरच होते. ज्यांना खासगी विमा नाही आणि उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत आहे, त्यांच्यासाठी मे २०२४ पासून वेगळ्या योजनेखाली उपचार मिळू लागले.

इंग्लंडचे उदाहरण जास्त शिकवणारे आहे. ५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दातांचे कामही मोफत होते. वर्षानुवर्षे दुखणे सहन केलेले लोक इतक्या संख्येने आले की, खर्च अंदाजाबाहेर गेला. १९५१ साली कवळीवर आणि १९५२ साली दातांच्या इतर कामांवर रुग्णांकडून शुल्क घेणे सुरू झाले. विमा कंपन्या व अर्थखाते हाच मुद्दा मांडतात. दात तर सगळ्यांचेच किडतात, मग याला विमा कसा म्हणायचा? घराला आग लागणे वेगळे आणि दरवर्षी रंग देणे वेगळे, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

या युक्तिवादात तथ्य आहे. सर्वांच्या सर्व दातांचा खर्च सरकारने उचलावा, असे आम्ही म्हणत नाही. पण थायलंडसारख्या, फार श्रीमंत नसलेल्या देशाने २००२ साली सर्वांसाठी आरोग्य योजना आणली, तेव्हा दात भरणे, काढणे, साफ करणे ही साधी कामे तीत ठेवली. कॅप, सौंदर्यासाठी केलेले काम बाजूला ठेवून साधे काम आत घेता येते, हे त्यावरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ साली आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट आणि कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड घेतले. शेवटचे औषध किडलेल्या जागी लावले की ती जागा काळी पडते, पण ड्रिल न लावता कीड बहुधा थांबते. म्हणजे स्वस्त साधने जगात आहेत. ती मुलापर्यंत वेळेवर पोहोचवणारा हवा.

आपल्या सरकारने काहीच केले नाही असेही नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. त्यातून सरकारी रुग्णालयांतील दंत विभागांना माणसे व साहित्य देण्याची तरतूद आहे. त्याआधी फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० प्रकारच्या दुखण्यांसाठी तपासणी होते आणि त्यांत दातांची दुखणी आहेत. या कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाते. आपली शाळा संस्थेची, विनाअनुदानित. त्यामुळे पथक आपोआप आपल्या दारी येत नाही. आम्ही यासाठी रीतसर अर्ज दिला आहे. उत्तर आले की कळवू.

आपल्या शहरात डॉक्टर नाहीत असेही नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. ग्वाल्हेरमध्येही खासगी दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, म्हणून खर्च दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. वेळ जास्त लागतो, दोन-तीन चकरा होतात, एवढेच. सरकारी दंत महाविद्यालय मात्र इंदूरला आहे, १९६१ सालचे. ग्वाल्हेरच्या मुलाने दाढ भरायला इंदूर गाठावे असे कोणी म्हणणार नाही.

काही आक्षेप

हा विषय आम्ही काही विश्वस्त व पालकांशी आधी बोललो. जे आक्षेप आले ते लपवत नाही.

पहिला आक्षेप असा की, शाळेने शिकवावे, दात पाहणे हे घरचे काम आहे. अगदी बरोबर. सकाळी आणि रात्री ब्रश करून घेणे हे घरचेच काम आहे आणि ते आम्ही करू शकत नाही. पण ज्या मुलीने अर्ध्या तासात पेन खाली ठेवले, तिचे गणित कोणी तपासायचे? दुखणारा दात वर्गात येतो तेव्हा तो शाळेचा विषय होतो.

दुसरा आक्षेप एका आजोबांचा. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या वेळी कोठे ब्रश होते? चंबळच्या बाभळीचे दातण होते, कडुनिंब होता, तरी दात दगडासारखे होते. आजोबांना आम्ही नम्रपणे विचारले की, त्या वेळी घरात बिस्किटाचा पुडा किती वेळा येत असे? ते हसले. शिवाय दात दगडासारखे असलेले आजोबा आम्हाला आठवतात, पन्नाशीत बोळके झालेल्या आज्या आपण विसरतो. मिश्री लावणाऱ्या आज्या आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दातणाला आमचा विरोध नाही. दातण करावे, पण फ्लोराइडच्या टूथपेस्टची जागा त्याने घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट व ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, एवढा आधार आता आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शाळा म्हणजे धर्मादाय दवाखाना नव्हे, एकदा निधी काढला की मागणी वाढत जाईल, असे एका ज्येष्ठ विश्वस्तांनी सांगितले. इंग्लंडमध्ये झाले ते पाहता ही भीती खोटी नाही. म्हणूनच आमची मागणी आम्ही जाणूनबुजून लहान ठेवली आहे.

आमची मागणी

एक. दर सत्राच्या आरंभी, जुलैमध्ये, पहिली ते आठवीच्या सर्व मुलांचे दात तपासले जावेत. आपले माजी विद्यार्थी दंतवैद्य आहेत, त्यांना आम्ही विचारले असून ते यायला तयार आहेत. दंत महाविद्यालयांतही सामुदायिक दंत आरोग्याचा विभाग असतो आणि तो शाळांत शिबिरे घेतो. त्यांनाही पत्र देऊ.

दोन. तपासणीचा निकाल बंद पाकिटात पालकांच्या हाती दिला जावा. वर्गात कोणाचेही नाव वाचले जाणार नाही. किडलेल्या दातावरून मूल हसण्याचा विषय झाले, तर तपासणी न केलेली बरी.

तीन. दंतनिधी. प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ५० रुपये पालकांनी द्यावेत आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच विश्वस्त मंडळाने घालावी. हा पैसा फक्त पक्के दात भरण्यासाठी व वाचवण्यासाठी वापरला जावा. दात सरळ करण्याच्या तारा, सौंदर्याचे काम यात येणार नाही. पैसे पालकांच्या हाती न देता बिल थेट दवाखान्याला द्यावे. निर्णय तिघांनी घ्यावा, एक विश्वस्त, एक शिक्षक, एक पालक. नावे या तिघांच्या बाहेर जाऊ नयेत. निधी संपला की त्या वर्षापुरता संपला. पण जुलैत तपासणी झाली तर बहुतेक काम भरण्याचेच, म्हणजे शेकड्यांतले, असेल. हजारांत जाणारी दाढ विरळा.

विश्वस्त मंडळींना आम्ही आणखी स्पष्ट सांगतो. स्नेहसंमेलनाचा मंडप, रोषणाई आणि ध्वनिव्यवस्था यांवर आपण दरवर्षी जे खर्च करतो, त्यातून एका संध्याकाळची रोषणाई कमी केली तर मंडळाचा वाटा निघतो. मुलांनी मंचावर तोंड उघडून गावे यासाठीच तर ती रोषणाई असते.

चार. संस्थेने समाजातर्फे खासदार, आमदार व आरोग्य विभागाला निवेदन द्यावे. मागणी एकच असावी, १८ वर्षांखालील मुलांचे पक्के दात भरणे आयुष्मान कार्डावर, भरती न होता, मंजूर व्हावे. सगळे मागितले तर काही मिळत नाही. ही एक गोष्ट पटण्यासारखी आहे, कारण ती केल्याने पुढचा खर्च वाचतो. निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे, कार्यालयात पाहायला मिळेल.

आमच्या घरची झाडणी

दुसऱ्याला सांगण्याआधी शाळेने स्वतःचे अंगण झाडले पाहिजे. वाढदिवसाला वर्गात टॉफ्या वाटण्याची प्रथा आम्हीच चालू दिली. चाळीस मुलांच्या वर्गात वर्षातून चाळीस वाढदिवस येतात. हस्ताक्षर स्पर्धेत चॉकलेटचे बक्षीस आम्हीच दिले. कँटीनच्या काचेच्या बरण्या रंगीत गोळ्यांनी भरलेल्या असतात आणि त्याचे भाडे शाळा घेते. येत्या सत्रापासून बरण्या जातील आणि त्या जागी भाजलेले चणे, शेंगदाणे आणि हंगामातले पेरू येतील. चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. आमच्या शाळेत दोन्ही असावेत, एवढीच इच्छा. वाढदिवसाला वर्गाला एक पुस्तक द्यावे, मुलाचे नाव पहिल्या पानावर लिहू. डबा खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरण्यासाठी पाच मिनिटे वेळापत्रकात ठेवली आहेत.

संक्रांतीचा तिळगूळ आणि थंडीतली गजक यांवर आमची बंदी नाही. मेळ्यात गेल्यावर मुलाला काहीच घेऊन देऊ नका, असे सांगायला आम्ही ग्वाल्हेरचे नाही की काय? सणाला गोड खावे, जेवणाबरोबर खावे आणि रात्री ब्रश केल्याशिवाय झोपू नये.

नववी-दहावीच्या मुलांशी मात्र वेगळे बोलायचे आहे. मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही पुड्या मिळतात हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. नुसती सुपारी निरुपद्रवी नसते. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. मावत नसतील तर आमच्याकडे या, एकटे या. शिक्षा होणार नाही, घरी तक्रार जाणार नाही, डॉक्टरकडे आम्ही बरोबर येऊ. घरी सांगायचे की नाही ते आपण मिळून ठरवू.

लहान मुलांना एवढेच सांगणे आहे की, दात दुखला तर त्याच दिवशी सांगा. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, सकाळी एकदा, रात्री एकदा. रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा. घरात पहिली-दुसरीचा भाऊ-बहीण असेल तर टॉर्च घेऊन आईसोबत त्याची मागची दाढ मोजा. वर-खाली, उजवी-डावी, चार असतात. ती दुधाची नाही हे आजीलाही सांगा.

दात कोरून पोट भरत नाही, असे आपले वाडवडील सांगत. लहानसहान काटकसरीने मोठे काम होत नाही, असा त्याचा अर्थ. दाताच्या बाबतीत मात्र लहान खर्चच मोठ्या खर्चाला अडवतो. सरकारी कार्ड आज तो लहान खर्च करत नाही. उद्या करील अशी आशा आहे आणि त्यासाठी आपण निवेदन देणार आहोत. तोवर तो खर्च घराने करावा, घराला जमत नसेल तेथे शाळेने करावा, आणि मागताना कोणाची नजर खाली जाऊ नये.

विश्वस्त मंडळाच्या जूनमधील सभेपुढे हा विषय ठेवला आहे. पालकांनी आपली सूचना, विरोधाचीसुद्धा, ३१ मेपर्यंत कार्यालयात लेखी द्यावी. ती सभेत वाचून दाखवली जाईल.

ती मुलगी आता सातवीत जाईल. दुसऱ्या बाजूची तिची दाढही किडू लागली होती. गेल्या महिन्यात आपल्या एका माजी विद्यार्थ्याने ती भरून दिली, पैसे घेतले नाहीत. दर वेळी असा भला माणूस मिळेल यावर शाळा चालवता येत नाही, म्हणून निधी मागतो आहोत.

आपले नम्र,
प्राचार्य